गावे, नावे आणि गढ्या : आयर्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेची दोनशे वर्षे

आयर्लंडचे सबंध बेट महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेसेच मोठे भरेल. एवढ्याशा भूमीवर साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. टाउनलँड म्हणजे आपल्याकडचा मौजा म्हणावा, तर त्याहूनही लहान. कित्येकदा तो शे-दोनशे एकरांतच आटोपतो. पण प्रत्येकाला स्वतःचे नाव, स्वतःची शीव आणि बहुधा एखादी पडकी गढी, विहीर किंवा मठाचा भग्न अवशेष. हे सारे मोजून, विचारून, पारखून कागदावर आणण्याचे काम १८२४ साली ज्या संस्थेने अंगावर घेतले, त्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या स्थापनेला २०२४ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली.

नकाशे पुष्कळ देशांनी केले. परंतु नकाशावर कोणते नाव घालायचे हे ठरवण्यासाठी लष्करी शिस्तीच्या मोजणी खात्याने जुन्या भाषेचे जाणकार पगारावर नेमावेत, त्यांना गावोगाव हिंडायला पाठवावे आणि ढासळलेल्या तटांचीही चौकशी करून यायला सांगावे, असे उदाहरण त्या काळात विरळाच. संस्थेच्या अनेक कामांपैकी या लेखाचा भर त्यावरच आहे.

१८२४ ते १८३० : पायारेषा आणि शिवा

या कामाची सुरुवात विद्याप्रेमातून झाली नाही, करआकारणीच्या अडचणीतून झाली. आयर्लंडमध्ये जमिनीवरचा स्थानिक कर टाउनलँडवार वसूल होई, पण टाउनलँडचे खरे क्षेत्र कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. हाती होती ती जुनी, अंदाजाने लावलेली मापे. परिणामी एकाच्या डोक्यावर दुप्पट भार, तर शेजारी जवळजवळ मोकळा. १८२४ मध्ये थॉमस स्प्रिंग राइस यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश संसदेच्या समितीने सर्व बेटाची नव्याने मोजणी करून एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे काढावेत अशी शिफारस केली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर संपूर्ण देश काढण्याचा प्रयोग तोवर ब्रिटनमध्येही झालेला नव्हता.

मोजणीचे प्रमुखपद थॉमस कोल्बी यांच्याकडे आले. तरुणपणी पिस्तुलाच्या स्फोटात त्यांचा डावा हात गेला होता, तरी डोंगरमाथ्यांवरच्या छावण्यांत ते सैनिकांबरोबर मुक्काम करीत. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधले माउंटजॉय हाऊस संस्थेचे मुख्यालय झाले. तिथून सॅपर्स आणि मायनर्स या लष्करी अभियांत्रिकी दलाच्या तुकड्या बाहेर पडू लागल्या. पुढे स्थानिक मोजणीदार, साखळी ओढणारे, गणिती, नकाशे काढणारे आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे कारागीर धरून मनुष्यबळ दोन हजारांच्या आसपास गेले.

पहिली कामगिरी त्रिकोणमितीय मोजणीची होती. आयर्लंडच्या धुक्यात दूरचे शिखर दिसणे दुरापास्त. थॉमस ड्रमंड यांनी चुन्याच्या गोळीवर ज्योत रोखून निघणारा प्रखर प्रकाश वापरला, आणि १८२५ च्या नोव्हेंबरात डोनेगलमधल्या स्लीव्ह स्नाख्त डोंगरावरचा दिवा साठ मैलांहून दूर, बेलफास्टजवळच्या डिव्हिस डोंगरावरून दिसला. उत्तरेकडे लॉख फॉइलच्या सपाट किनाऱ्यावर १८२७-२८ मध्ये सुमारे आठ मैलांची पायारेषा, म्हणजे पुढच्या साऱ्या त्रिकोणांचा आधार ठरणारी रेषा, मोजली गेली. त्यासाठी कोल्बी यांनी पितळ आणि लोखंड यांच्या जोडपट्ट्या वापरल्या. उष्णतेने दोन्ही धातू कमी-अधिक वाढले, तरी पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर बदलत नसे. १९६० मध्ये हीच रेषा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी पुन्हा मोजली, तेव्हा फरक निघाला साधारण एका इंचाचा.

भारताचा या कथेशी संबंध येथेच येतो. रजेवर मायदेशी गेलेले, भारतातल्या त्रिकोणमितीय मोजणीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी आयर्लंडमधले हे काम प्रत्यक्ष जाऊन पाहिले आणि १८३० मध्ये परतताना तशाच पट्ट्या सोबत आणल्या. १८३१-३२ मध्ये कलकत्त्याची पायारेषा त्या पट्ट्यांनीच मोजली गेली. पुढे डेहराडून, सिरोंज आणि १८४१ मध्ये बिदर येथेही त्याच पट्ट्या अंथरल्या गेल्या.

शिवांचे काम मात्र दुर्बिणीने होणारे नव्हते. ते रिचर्ड ग्रिफिथ यांच्या स्वतंत्र विभागाकडे होते. गावात जन्म काढलेला, ओढा कुठे वळला आणि बांध कोणी सरकवला हे जाणणारा माणूस शोधून त्याला मजुरी द्यायची, आणि त्याने पुढे चालायचे, मोजणीदाराने मागून खुणा करायच्या, अशी रीत होती. या वाटाड्यांपैकी फार थोड्यांची नावे कुठे नमूद आहेत. पण आज नकाशावर दिसणारी प्रत्येक हद्दरेषा अशाच कुणाच्या तरी पावलांवर उभी आहे, हे संस्थेच्या इतिहासात ठळकपणे नोंदले पाहिजे.

१८३० चे दशक : ओ'डोनव्हन आणि सोबती

सैनिक गावात शिरले की लोकांना नाव विचारीत. लोक सांगत ते आयरिश उच्चारात, सैनिक लिहीत इंग्रजी कानाने. एकाच टाउनलँडचे नाव जमीनदाराच्या कागदात एक, धर्मगुरूच्या नोंदीत दुसरे, कराच्या यादीत तिसरे. हा गोंधळ निस्तरायचा कसा, याचा विचार केला तो माउंटजॉय हाऊसचा कारभार पाहणारे तरुण अधिकारी थॉमस लार्कम यांनी. हे काम भाषेच्या जाणकाराशिवाय होणार नाही हे ओळखून ते स्वतः आयरिश शिकू लागले. १८३० मध्ये त्यांनी जॉन ओ'डोनव्हन यांना नेमले. ओ'डोनव्हन तेव्हा चोवीस वर्षांचे, किल्केनी परगण्यातल्या शेतकरी घरातले, जुनी हस्तलिखिते वाचण्यात तरबेज.

लार्कम यांनी नावांसाठी वह्या आखून घेतल्या. त्या पुढे नेमबुक म्हणून प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक नावाला ठरावीक रकाने होते. नकाशासाठी सुचवलेले रूप, आजवर सापडलेली वेगवेगळी लेखने, प्रत्येक लेखनापुढे त्याचा आधार, जागेचा ठावठिकाणा आणि थोडक्यात वर्णन. जमीन कोणाची, माती कशी, गढी आहे का, चर्चची भिंत उभी आहे का, असा तपशीलही त्यात येई. मोजणीदारांनी भरलेल्या या वह्या ओ'डोनव्हन यांच्या हाती येत. सुरुवातीला ते डब्लिनमध्ये बसूनच निवाडा देत, पण कागदावरून सगळे उकलेना. १८३४ मध्ये ते डाउन परगण्यात प्रत्यक्ष गेले आणि तिथून पुढची कित्येक वर्षे त्यांचे जीवन रस्त्यावरच गेले.

त्यांची पद्धत साधी आणि काटेकोर होती. गावातली सर्वांत वयस्कर, आयरिश बोलणारी माणसे गाठायची, त्यांच्याकडून नाव पुन्हा पुन्हा उच्चारून घ्यायचे आणि शेवटी जुन्या बखरींतल्या रूपाशी ताडून पाहायचे. दिवसभर पायी हिंडून, भिजून, रात्री खानावळीच्या गार खोलीत ते लार्कम यांना पत्र लिहीत. त्या पत्रांत नावांची चर्चा आहे, वंशावळी आहेत, संतांच्या विहिरी आहेत, आणि वाईट हवामान व त्याहून वाईट बिछान्यांच्या तक्रारीही आहेत. १८३९ च्या ६ जानेवारीच्या रात्री आयर्लंडवर महाभयंकर वादळ आले, तेव्हा ओ'डोनव्हन आणि त्यांचे सहकारी थॉमस ओ'कॉनर विक्लो परगण्यातल्या ग्लेनडलॉख येथे मुक्कामाला होते. त्या रात्रीचे वर्णनही पत्रातून मुख्यालयात पोहोचले. ही पत्रे ऑर्डनन्स सर्व्हे लेटर्स या नावाने आज आयर्लंडच्या इतिहासाचा पहिल्या दर्जाचा ऐवज मानली जातात.

१८३५ मध्ये चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ जॉर्ज पेट्री यांच्याकडे स्थलवर्णन विभाग सोपवला गेला. डब्लिनच्या ग्रेट चार्ल्स स्ट्रीटवरच्या पेट्री यांच्या घरी कचेरी भरे. युजीन ओ'करी तिथे हस्तलिखितांतून उतारे काढीत. क्लेअर परगण्यातून आलेले हे गृहस्थ बव्हंशी घरीच शिकलेले, पण जुन्या आयरिश वाङ्मयावरची त्यांची पकड थक्क करणारी होती. कवी जेम्स क्लॅरेन्स मँगन तिथे नकलनवीस होते. तरुण विल्यम वेकमन अवशेषांची रेखाचित्रे काढीत. ओ'डोनव्हन एखाद्या परगण्यात पोहोचले की या कचेरीतून त्या भागाविषयीचे जुने उल्लेख टपालाने त्यांच्याकडे जात, आणि त्यांचे उत्तर पत्राने परत येई. कामाच्या ओघात मतभेद झाले, पगाराची कुरकूरही झाली. पण या चारसहा माणसांनी जे एकमेकांच्या हातात हात घालून उभे केले, त्यापुढे ते सारे किरकोळ आहे.

गढ्यांचा भाग इथे सविस्तर सांगायला हवा. महाराष्ट्रातल्या वाचकाला किल्ला म्हटले की कडा, तट, बुरूज आठवतो. आयर्लंडमधल्या बहुसंख्य गढ्या तशा नाहीत. मातीचा गोल बांध, त्याबाहेर खंदक आणि आत एका कुटुंबाची वस्ती व गुरे, असे त्यांचे स्वरूप असे. त्यांतल्या बहुतेक इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकाच्या सुमारच्या. मातीच्या असल्या तर रॅथ किंवा लिस, दगडी असल्या तर कॅहर किंवा कॅशेल, आणि मोठ्या व बळकट असल्या तर डून. हेच शब्द हजारो गावांच्या नावांच्या आरंभी बसलेले आहेत, त्यामुळे नाव आणि अवशेष यांची चौकशी वेगळी करणे शक्यच नव्हते. ज्या टाउनलँडच्या नावात लिस आहे तिथे गढी दिसत नसेल, तर ती कोणत्या शेतात होती हे विचारावे लागे. बरेचदा एखादा म्हातारा नांगरलेल्या रानातला किंचित उंचवटा दाखवी.

लोकांची समजूत अशी की या गढ्यांत अदृश्य लोक राहतात. आतले काटेरी झाड तोडले तर घरावर संकट येते. आपल्याकडच्या देवराया जशा धाकाने राखल्या गेल्या, तशाच या गढ्या. त्या डेन लोकांनी, म्हणजे समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी बांधल्या असेही सर्रास सांगितले जाई. पेट्री आणि ओ'डोनव्हन यांनी हस्तलिखितांच्या आधारे त्या इथल्याच लोकांच्या असल्याचे मांडले, आणि पुढच्या संशोधनाने ते खरे ठरले.

टारा टेकडीचे काम या साऱ्याचा कळस म्हणावे लागेल. मीथ परगण्यातली ही टेकडी आयर्लंडच्या प्राचीन राजांची जागा. वर केवळ गवताळ उंचवटे आणि चर उरलेले. सर्व्हेने त्यांचा बारकाईने नकाशा काढला. ओ'डोनव्हन आणि पेट्री यांनी जुन्या स्थलकथांच्या हस्तलिखितांतले वर्णन घेऊन प्रत्येक उंचवट्याची ओळख पटवली. पेट्री यांनी १८३७ मध्ये रॉयल आयरिश अकादमीपुढे हा प्रबंध वाचला आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. आज टारावर जाणारा प्रवासी त्या बांधांना ज्या नावांनी ओळखतो, ती बहुतांशी याच कामातून रूढ झाली. अरान बेटांवरच्या कड्याच्या टोकाला टेकलेली डून अँगस ही भव्य दगडी गढीही १८३९ च्या दौऱ्यात नोंदली गेली.

नकाशाबरोबर प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे अनेक टाउनलँड मिळून होणाऱ्या विभागाचा, वृत्तान्त छापावा अशी लार्कम यांची इच्छा होती. डेरी शहर ज्यात येते त्या टेंपलमोर पॅरिशचा ग्रंथ १८३७ मध्ये निघाला. डेरीजवळच्या डोंगरावरील ग्रिनान ऑफ एलख या वर्तुळाकार दगडी गढीचे पेट्री यांनी केलेले वर्णन त्यात आहे. तट तेव्हा पडून दगडांचा ढीग झाला होता. १८७० च्या दशकात डेरीचे डॉक्टर वॉल्टर बर्नार्ड यांनी तो पुन्हा उभारला. त्यामुळे डागडुजीपूर्वीची स्थिती समजायला टेंपलमोरचा ग्रंथ आजही उघडावा लागतो. ग्रंथ विद्वानांनी डोक्यावर घेतला, पण एका पॅरिशला एवढे जाड पुस्तक, तर दोन हजारांहून अधिक पॅरिशांचे काय, या प्रश्नापुढे सरकार कचरले. वृत्तान्तांचे काम थांबले.

१८४० चे दशक : नकाशे पुरे झाले, घरे ओस पडली

१८४२ मध्ये पेट्री यांचा विभाग बंद करण्यात आला. पुढच्याच वर्षी नेमलेल्या आयोगाने काम चालू ठेवावे असा अभिप्राय दिला, तरी सरकारने तो मानला नाही. ज्यांनी दहा वर्षे घालून एका देशाची स्मृती वह्यांत उतरवली त्यांना असा निरोप मिळावा, हे खटकल्यावाचून राहत नाही.

नकाशांचे काम मात्र चालूच होते. पहिला लंडनडेरी परगणा १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला होता, शेवटचा केरी १८४६ मध्ये. सुमारे १९०० पत्रकांत बत्तीसही परगणे पूर्ण झाले. झोपडी, पाणचक्की, चुनाभट्टी आणि गोल खुणेने दाखवलेली गढी, सगळे त्यावर आहे. ग्रिफिथ यांची प्रसिद्ध जमीनआकारणी याच पत्रकांवर उभी राहिली.

केरीची पत्रके बाहेर पडत असताना देशात बटाट्याचे पीक सडत होते. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. कित्येक मेले, कित्येक जहाजात बसून देश सोडून गेले. पश्चिमेकडच्या कित्येक वाड्या, दहा-वीस घरांचे पुंजके, सहा इंची नकाशावर दिसतात आणि पुढच्या आवृत्तीत नाहीत. ओ'डोनव्हन यांना ज्या म्हाताऱ्यांनी नावे सांगितली, त्यांच्यासारख्या माणसांची आयरिश बोलणारी गावेच या दुष्काळात सर्वाधिक झोडपली गेली. काम दहा वर्षे उशिरा सुरू झाले असते तर सांगणारे फार थोडे उरले असते.

१८५० ते १९०० : दप्तर अकादमीकडे

विभाग मोडला, पण माणसे थांबली नाहीत. ओ'डोनव्हन यांनी संपादित केलेली आयर्लंडची मोठी बखर, अ‍ॅनल्स ऑफ द फोर मास्टर्स, १८४८ ते १८५१ या काळात अनुवाद आणि टिपांसह सात खंडांत निघाली. त्या टिपांतली स्थळांची ओळख म्हणजे सर्व्हेतल्या पायपिटीचेच फळ. १८६० मध्ये पत्रे रॉयल आयरिश अकादमीकडे सोपवली गेली. १८६१ मध्ये ओ'डोनव्हन गेले, पाठोपाठ १८६२ मध्ये ओ'करी. १८६९ मध्ये पी. डब्ल्यू. जॉइस यांनी आयरिश स्थलनामांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हा विषय सामान्य वाचकांच्या घरात गेला.

संस्था या काळात नकाशांच्या दुरुस्तीत आणि मैलाला पंचवीस इंच या नव्या मालिकेत गुंतली होती. १८९९ मध्ये टारावर बायबलातली करारपेटी शोधण्यासाठी काही बाहेरच्या उत्साही मंडळींनी एक रॅथ खणून काढली. तिचे मूळ रूप समजायला आज १८३० च्या दशकातला सर्व्हेचा नकाशाच उपयोगी पडतो.

१९०१ ते १९५० : फाळणी आणि आग

१९२२ मध्ये देशाबरोबर संस्थाही दुभंगली. बेलफास्टला उत्तर आयर्लंडचे स्वतंत्र कार्यालय झाले, डब्लिनचे नव्या राष्ट्राकडे आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी अभिलेखागार जळाले आणि शतकांची दप्तरे राख झाली. सर्व्हेची पत्रे अकादमीत होती म्हणून वाचली. ओ'डोनव्हन यांनी उतरून घेतलेल्या काही मजकुराचे मूळ आता कुठेच नाही. पुढे मायकेल ओ'फ्लॅनगन या धर्मगुरूंनी परगण्यांनुसार पत्रांच्या टंकलिखित प्रती करून ग्रंथालयांत पोहोचवल्या.

१९३० मध्ये राष्ट्रीय स्मारकांचा कायदा आला. १९४६ मध्ये स्थलनाम आयोग नेमला गेला. ओ'डोनव्हन यांनी नकाशासाठी इंग्रजी वळणाची रूपे ठरवली होती आणि आयरिश रूपे वहीतच राहिली होती. स्वतंत्र देशाला ती आता अधिकृतपणे हवी होती.

१९५१ ते २००० : पुन्हा मूळ रूपांकडे

आयोगाला साहाय्य म्हणून १९५० च्या दशकात सर्व्हेतच स्थलनाम शाखा सुरू झाली. शंभर वर्षांनी संस्थेत पुन्हा भाषेचे अभ्यासक बसू लागले. पद्धतही तीच : कागदोपत्री पुरावा आणि स्थानिक उच्चार. १९७३ च्या कायद्याने आयरिश रूपांना कायदेशीर मान्यता देण्याची सोय झाली.

१९७५ मध्ये जे. एच. अँड्र्यूज यांनी संस्थेचा साधार इतिहास लिहिला. १९८० मध्ये ब्रायन फ्रील यांचे ट्रान्सलेशन्स हे नाटक डेरीत रंगमंचावर आले. सैनिक येतात आणि गावांची नावे बदलतात, असे त्याचे कथानक. इतिहासकाराच्या आणि नाटककाराच्या या दोन दृष्टींवर बराच वाद झडला. नावांच्या इंग्रजीकरणाची वेदना खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती नावे परत मिळवायची वेळ आली तेव्हा पुरावा सापडला तो त्याच सर्व्हेच्या वह्यांत, हेही तितकेच खरे.

१९८० च्या दशकात देशातल्या प्राचीन स्थळांची सूची सुरू झाली, तेव्हा पहिला आधार सहा इंची पत्रकांचाच होता. आज गोल गढ्यांची संख्या ४५,००० च्या घरात धरली जाते. त्यांतल्या अनेक आता केवळ नकाशावर आहेत. यंत्रे आल्यावर बांध सपाट झाले, आणि अदृश्य लोकांचा धाकही ओसरला. न छापलेले पॅरिश-वृत्तान्त १९९० च्या दशकात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या आयरिश अभ्यास संस्थेने ४० खंडांत काढले. लार्कम यांचे मागे पडलेले काम दीडशे वर्षांनी छापून झाले.

२००१ नंतर

२००८ मध्ये डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या सहकार्याने स्थलनाम शाखेचा लॉगेन्म हा संगणकीय कोश सर्वांना खुला झाला. टाउनलँडचे नाव टाकले की आयरिश रूप आणि अनेक ठिकाणी जुन्या लेखनांची यादीही मिळते. २०२३ च्या १ मार्चला सर्व्हे, मूल्यांकन कार्यालय आणि मालमत्ता नोंदणी एकत्र येऊन तल्चे एरन ही नवी संस्था झाली. द्विशताब्दीच्या निमित्ताने विद्यापीठे आणि रॉयल आयरिश अकादमी यांनी मिळून पहिल्या आवृत्तीचे नकाशे, नेमबुके, पत्रे आणि वृत्तान्त संगणकावर परस्परांना जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. एका गढीवर बोट ठेवावे आणि तिच्याविषयी मोजणीदाराने, ओ'डोनव्हन यांनी व पॅरिश-वृत्तान्ताच्या लेखकाने काय लिहिले ते एकत्र वाचावे, अशी ती कल्पना आहे.

सहा इंची नकाशात टाउनलँडची नावे आली, पण शेताशेताची नावे घेणे त्या काळी शक्य झाले नव्हते. ती अजून लोकांच्या तोंडीच आहेत, आणि शेते एकत्र करताना झपाट्याने विसरली जात आहेत. टारा ज्या परगण्यात आहे त्या मीथमध्ये २००९ पासून स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन, वृद्ध शेतकऱ्यांना नकाशा दाखवून हजारो शेतांची नावे गोळा केली आणि त्यांचा ग्रंथ केला. इतर परगण्यांतही स्थानिक मंडळे अशी नोंद करू लागली आहेत. त्यांच्या हातातल्या कागदावर हद्दी छापलेल्या असतात त्या सर्व्हेच्या, नावाची जागा रिकामी असते.